ताईच्या संख्येला भाग गेला

दिवा राहू दे चालू. सांगते.

ताई गेल्यावर तिची शाल आणि डबा आणायला मी तिच्या संस्थेत गेले होते. दुपार होती. ताई मूळ संख्या शोधायची. म्हणजे एक आणि स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही, अशी संख्या. तिला सापडलेली संख्या छापली असती तर कपाट भरलं असतं. दोनाचा कुठलातरी प्रचंड घात, त्यातून एक वजा. त्या संख्येपायी बाईनं डोळे घालवले. आणि दारातच फलक लागलेला, शोधकर्ते म्हणून तिच्या साहेबांचं नाव! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी तडक त्यांच्यासमोर उभी राहिले. "साहेब, ही संख्या माझ्या ताईची आहे."

"संस्थेची आहे," ते हसले. "आणि गेलेल्या माणसाला नाव घेऊन काय करायचंय?"

मेल्याला लाज म्हणून नाही! संख्या बाहेर जाहीर करण्याआधी दुसऱ्या संगणकावर पडताळणी व्हायची होती. "चला, बघाच," म्हणत त्यांनी मला यंत्रांच्या खोलीत नेलं. खिडकी नाही, उजेड नाही, नुसती पंख्यांची घरघर. त्यांनी शोधकर्त्याच्या जागी स्वतःचं नाव भरलं, कळ दाबली. पंखे एकदम थांबले... आणि बामाचा वास आला. ताई कपाळाला चोळायची ना, तोच.

पडद्यावर उमटलं : मूळ नाही. भाजक सापडला.

"शक्यच नाही..." साहेब पुटपुटले. त्यांनी दुसरी यंत्रं लावून बघितली. सगळीकडे तोच भाजक.

मी शाळेत गणित शिकवते. भाजक लहान होता आणि अशा तपासणीला अख्खी संख्या लिहावी लागत नाही. दोनाचे वर्ग करायचे, भागायचं, बाकी घेऊन पुढे जायचं. तिथेच बसून मी संध्याकाळपर्यंत ते कागदावर केलं. शेवटी बाकी शून्य. पूर्ण भाग जात होता. ताईची सगळी मेहनत पाण्यात! मला रडू कोसळलं.

आणि त्या माणसानं काय करावं? लगेच संख्या आणि भाजक देऊन जगभर पत्रक काढलं, की ही चुकीची संख्या माझी नव्हेच, त्या बाईंची. श्रेय घेताना स्वतःचं नाव आणि चुकीला माझी ताई!

पत्रकावर ताईचं नाव छापून गेलं आणि परदेशातून निरोप येऊ लागले. तुम्ही म्हणता त्या भाजकानं भाग जात नाही. संख्या मूळ आहे. अभिनंदन, बाईंचं.

मी घरी पुन्हा आकडेमोड केली. तीच संख्या, तोच भाजक. या वेळी बाकी उरली.

ताईला तिचं मिळालं, बरंच झालं. पण ते दोन्ही कागद मी आजवर कितीदा तपासले असतील... एकातही चूक नाही.