रिपोर्टात नसलेलं पथ्य

“आई, नारळ बंद! मासळीसुद्धा!” मैनाने कागद वाचल्याचं सोंग केलं आणि सासूच्या ताटातली सुरमईची तुकडी तिच्या डोळ्यांदेखत उचलली... अठरा वर्षं वाट पाहिली होती तिने या क्षणाची!

आनंदीबाईंच्या आमवाताने सुजलेल्या बोटांना पेलासुद्धा धरवत नव्हता, म्हणून उन्मेषने, मैनाच्या नवऱ्याने, आईचं रक्त लॅबला पाठवून कुठलं अन्न सोसत नाही याची तपासणी करून घेतली होती आणि रिपोर्टाचा कागद न वाचताच मैनाकडे दिला होता. “असल्या तपासणीवर फार विसंबू नका, गोळ्या मात्र चुकवू नका,” असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. कागदावर नावं दोनच होती, गहू आणि दूध. नारळ आणि मासळी मैनाने आपल्या पदरची घातली!

का घालू नये? लेकीच्या, ओवीच्या, बाळंतपणात याच बाईने “बाळंतिणीला बाधेल” म्हणत तिला सव्वा महिना अळणी मऊ भातावर ठेवलं होतं, आणि त्याच चुलीवर घरच्यांसाठी बांगडे तळले होते. माहेरून, आंजर्ल्याहून, मैनाच्या बापाने हौसेने आणलेली मासळी हिने शेजारी वाटून टाकली! मैनाचं अंगावरचं दूध आटलं, तान्ही ओवी रडून रडून निळी पडायची, आणि ही दारात उभी राहून म्हणायची, “अंगातच नाही, तर येणार कुठून?” ते शब्द मैनाच्या काळजात अजून सलत होते. सव्वा महिना म्हणजे सव्वा महिना! आता उकडलेला दुधी गिळ म्हणावं!

आनंदीबाई गिळत राहिल्या. नवल म्हणजे, एका शब्दाने बोलल्या नाहीत.

पस्तिसाव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी वजन केलं आणि कपाळाला हात लावला. “पाच किलो उतरलं!” मग रोजचं जेवण ऐकून म्हणाल्या, “यांचे मासे कोणी बंद केले?”

उन्मेषने वळून बायकोकडे पाहिलं. मैनाच्या पायाखालची जमीनच सरकली... आता संपलं सगळं!

“मीच सोडले,” आनंदीबाई शांतपणे म्हणाल्या. “गणपतीला बोलले होते.”

घरी येताच मैनाने त्यांना स्वयंपाकघरात गाठलं. “खोटं का बोललात?”

“ओवीने पहिल्याच आठवड्यात मला रिपोर्ट वाचून दाखवलान.”

“ठाऊक होतं, तर तोंड का नाही उघडलंत?”

“कुठल्या तोंडाने उघडू गो? माझ्या सासूने मला तसंच ठेवलं, म्हणून मी तुला ठेवलं... पण तुझं दूध आटताना मला दिसत होतं, मैना. दिसत होतं! सव्वा महिन्याला आता तीनच दिवस राहिलेत. पुरे होऊ देत.”

मैनाच्या अंगाची लाही लाही झाली. म्हणजे सूडसुद्धा हिच्याच मर्जीने घ्यायचा? तेवढंही सुख लाभू देणार नाही ही म्हातारी! ती ताडकन वळली, नारळ फोडला, खवला, वाटला, आणि डोळ्यांतलं पाणी खांद्याला पुसत बांगड्याची आमटी रटरटवली. ताट समोर आदळलं. आनंदीबाईंच्या वाकड्या बोटांतून भात सांडू लागला, तेव्हा तिने एकेक काटा काढून घास कालवला.

“उघडा तोंड.”

“अगो, पण...”

“उघडा म्हणते ना!”

घास तोंडात गेला आणि आनंदीबाईंच्या डोळ्यांना धार लागली. “फार वाईट वागले गो मी तुझ्याशी...”

“वागलातच! आणि माफ केलेलं नाही मी अजून, सांगून ठेवते!” मैना हुंदका गिळत ओरडली आणि तिने दुसरा घास पुढे केला.