जाते म्हटलं मी

ढाकणे मॅडमचा आवाज एकाच वेळी चारशे बारा विद्यार्थ्यांच्या कानांत बोलत होता, आणि मॅडम स्वतः स्टाफरूममध्ये चहात बिस्कीट बुडवत बसल्या होत्या. बिस्कीट तुटून तळाला गेलं. तरी मॅडम खूश!

ही सगळी 'सावली'ची कृपा. मॅडमची अकरा वर्षांची व्याख्यानं, फोन, रागावणंसुद्धा ऐकून ऐकून तयार झालेला त्यांचा यांत्रिक जुळा आवाज. पोरांनी केव्हाही काहीही विचारावं, सावलीने मॅडमच्या आवाजात समजावावं. बोलणं नीट संपलं की हिरवा ठिपका, काही बिनसलंय असं वाटलं की लाल. मॅडमनी फक्त लाल बघायचे.

त्या दिवशी केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला चौथ्या टेबलावरचं ब्युरेट कोरडंच होतं.

"ओवी तिडके कुठंय?"

"ती गेली की गावाला, सोमवारीच," शेजारची कायनात म्हणाली. "आईला लकवा मारलाय. हॉस्टेल सोडलं, आता कॉलेजातून नाव पण काढणारे. तुम्हाला सांगितलं म्हणाली!"

"मला?"

मॅडमनी सावलीतलं ओवीचं खातं उघडलं. ठिपके सगळे हिरवेगार. सोमवारचं बोलणं त्यांनी कानाला लावलं.

"मॅडम, आईचं असं झालंय. बरं, जाते."

"काळजी घे, ओवी. सावकाश जा." आवाज मॅडमचाच. अगदी मायेचा.

सहा मिनिटं काहीच नाही. मग, "मॅडम, जाते म्हटलं मी."

"हो, ऐकलं. प्रवास सुखाचा होवो."

"मॅडम... जाते."

"शुभेच्छा!"

हिरवा ठिपका.

मॅडमनी ते बोलणं पुन्हा पहिल्यापासून ऐकलं. पहिल्याच आठवड्यात ही पोर दारातून "जाते मॅडम" म्हणाली होती आणि त्यांनी तिला परत बोलावलं होतं. "जाते काय गं? कायमची चाललीस का? येते म्हणावं!" सगळा वर्ग हसला होता. तेव्हापासून ओवी रोज दारात थांबून मुद्दाम ओरडायची, "येऽऽते मॅडम!" पण दारात कुठला माइक? सावली ते शिकलीच नव्हती.

तीनदा. पोरगी तीनदा दारात थांबली होती, कुणीतरी परत बोलवावं म्हणून.

सावली सांभाळणाऱ्या रत्नपारखी सरांकडे मॅडम जवळजवळ धावतच गेल्या.

"एवढंच ना?" सरांनी चार बटणं दाबली. "दिलं शिकवून. आता कुणी 'जाते' म्हटलं की सावली टोकणार, अगदी तुमच्यासारखी. त्या मुलीलाही नवं उत्तर धाडलंय. बघा, ऐकलंसुद्धा तिने!"

मॅडम बाहेर आल्या आणि स्वतःच्या फोनवरून ओवीला फोन लावला. सात रिंगा झाल्या.

"हॅलो?"

"ओवी, जाते काय गं? येते म्हणावं..."

पलीकडे कुणीतरी कण्हत होतं. भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"हे मघाशीच आलं, मॅडम," ओवी हळूच म्हणाली. "तुमच्याच आवाजात."

मग तिने विचारलं,

"आता हे कोण बोलतंय?"