दुमानचा काटेरी पट्टा

"तळ्यावर जायचं तर आत्ताच! ऊन चढलं की सेझगी रस्त्यातच बसकण मारणार!" ओकान ओरडला.

"मी? गेल्या वर्षी पाय दुखतो म्हणून कोण रडलं होतं?" सेझगीनं रोट्यांचं गाठोडं त्याच्या पाठीवर आपटलं.

एल्वान हसत पनीर कापत होती. ही तिची चुलत भावंडं सुट्टी लागली की अंकाराहून थेट शिवासच्या या डोंगरमाळावर यायची. उन्हाळाभर सगळं घर मेंढ्यांबरोबर इथंच तंबूत असे. दुमान, त्यांचा भला थोरला कांगाल जातीचा कुत्रा, रात्रभर कळप राखून नुकताच परतला होता. आल्याबरोबर त्यानं तंबूमागून सवयीनं डोंगर हादरवणारी एक हाळी दिली आणि सेझगीनं सवयीनंच कानांत बोटं घातली.

एवढ्यात तिथूनच किंकाळी आली!

तिघं धावली. एल्वानचा चार वर्षांचा भाऊ मिराच जमिनीवर बसून रडत होता. त्याच्या गालावरून रक्त वाहत होतं. शेजारी दुमान शेपटी पाडून उभा होता. सगळ्यांच्या आधी पोचलेले वेसेलकाका त्याच्या पुढ्यात आडवे उभे होते.

"चावला! पोराला चावला!" ते ओरडले. काठी उगारून त्यांनी दुमानला पार लाकडांच्या ढिगामागं हाकललं. बऱ्याच वेळानं एकटेच परत आले.

आईनं मिराचला उचललं. आजोबांनी वाकून विचारलं, "दुमान चावला, बाळा?" मिराचनं हुंदके देत मान डोलावली. संपलं!

"पोराला दात लावलेलं कुत्रं चुलीपाशी ठेवायचं नाही," आजोबा म्हणाले. त्यांचा आवाज जड झाला होता. "गोळी घालवत नाही माझ्याच्यानं. लोकरीची गाडी दुपारी घाटापलीकडं जातेय. तिथल्या मेंढरांच्या मालकाला, हिदिर आगाला, कुत्रं हवंच आहे. त्याच्याकडं पोरंबाळंही नाहीत. देऊन टाकू."

"आजोबा, पण गालावर..." सेझगीनं सुरुवात केली.

"मोठ्यांच्यात बोलू नये, पोरी."

"आणि पिल्लू आणलं तेव्हाच मी सांगितलं होतं!" काका मध्येच म्हणाले. "या एल्वानला निवडू दिलं, हीच चूक!"

खरंच, निवड तिचीच होती. आजोबांनी तिला शिकवलं होतं, की जे पिल्लू पायात घोटाळतं ते घ्यायचं नाही. जे लांब बसून मेंढ्यांकडं बघतं ते घ्यायचं. लाडावलेलं कुत्रं ना धड घराचं, ना कळपाचं! पण एका राखाडी पिल्लानं तिच्या बुटावर पंजा ठेवला, आणि ती हट्टाला पेटली. त्याला तिनं वाढवलं मात्र नियमानं. कोकरांमध्ये झोपवलं, जवाच्या पिठाचा लगदा स्वतःच्या हातानं घातला, अंगाखांद्यावर कधी घेतलं नाही. तरी हे असं व्हावं?

दुपारी दुमान गाडीत चढला. तिनं सांगितलं म्हणूनच चढला. लोकरीच्या पोत्यांवरून तो वळणापर्यंत तिच्याकडं बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी तळ्याचं कुणी नावही काढलं नाही. तिघं मिराचजवळ बसली होती. आई त्याच्या गालाची पट्टी बदलत होती.

"बघा!" सेझगी कुजबुजली. "काल मी हेच सांगत होते. तीन भोकं, एका ओळीत."

"मग?" ओकाननं विचारलं.

"अरे मठ्ठा, सफरचंदाला चावा घे बरं! दात वरून लागतात तसे खालूनही लागतात. इथं खाली काहीच नाही. आणि भोकांमधलं अंतरही अगदी सारखं. असे दात असतात का कुणाचे?"

एल्वान एकदम सावरून बसली. "मिराच, दुमाननं काय केलं रे?"

"काही नाही. मी त्याला मिठी मारली," मिराच म्हणाला. "मग मला टोचलं."

"काल चावला म्हणालास ना?"

"आजोबांनी विचारलं म्हणून."

तिघांनी एकमेकांकडं पाहिलं. टोचलं! आणि एकदमच तिघांच्या तोंडून शब्द आला, "पट्टा!"

लांडगा पहिल्यांदा गळाच धरतो. म्हणून रात्री कळपाबरोबर जाताना दुमानच्या गळ्यात लोखंडी पट्टा असे, बोटाएवढ्या अणकुचीदार काट्यांचा. सकाळी कुत्रं तंबूकडं आलं, की पोराबाळांत शिरायच्या आधी तो काढून खांबाच्या खुंटीला अडकवायचा, हा या डोंगरावरचा पहिला नियम. काम होतं वेसेलकाकांचं.

खुंटी रिकामी होती.

"शोधा!" ओकान म्हणाला. त्यांनी खोगिरं उलटीपालटी केली, पोती हलवली. शेवटी लाकडांच्या ढिगाखाली सेझगीच्या हाताला लोखंड लागलं. "आई गं! सापडला!"

आजी रोट्या लाटायला बसली होती. तिच्या परातीतला एक गोळा ओकाननं लांबवला.

"चोरा, कच्चं पीठ खाणार आहेस?"

"प्रयोग आहे, आजी!"

गोळ्यावर पट्टा दाबला. तीन भोकं! एका ओळीत, सारख्या अंतरावर! एल्वानला हसूही आलं आणि रडूही. तिची निवड चुकली नव्हती!

"पण काका म्हणतील, मी तर पट्टा काढला होता," सेझगी म्हणाली. "मुलांचं कोण ऐकतंय!"

"मग त्यांनाच बोलू दे," ओकान डोळे मिचकावत म्हणाला.

जेवणाच्या चटईवर सगळे बसले होते. ताकाचा पेला ठेवत ओकान अगदी साळसूदपणे म्हणाला, "काका, हिदिर आगांकडं लांडगे फार आहेत म्हणे. दुमानबरोबर पट्टा पाठवलात ना?"

"अं? हो, हो. पाठवला की! मीच गळ्यात बांधला."

एल्वाननं मांडीखालून पट्टा काढला आणि चटईवर ठेवला. खण्णकन आवाज झाला. सेझगीनं त्याच्याशेजारी कणकेचा गोळा ठेवला.

काकांच्या हातातला घास तसाच राहिला.

"बकलाची तार अडकली होती," ते अखेर पुटपुटले. "म्हटलं, जरा पडतो आणि मग काढतो. उठलो तो किंकाळीनंच. रक्त पाहिलं आणि घाबरलो, बाबा. तिकडं ढिगामागं नेऊन तोडला आणि लपवला."

एल्वान वाट बघत होती, की आता आजोबा काकांवर गरजतील. पण आजोबा पट्ट्याकडंच बघत होते.

"म्हणजे," ते हळूच म्हणाले, "कुत्रं घाटापलीकडं उघड्या गळ्यानं गेलं."

पुढच्या क्षणी ट्रॅक्टर सुरू झाला होता. काका चालवत होते आणि खड्ड्यांना कुणी जुमानत नव्हतं.

हिदिर आगा वाड्याच्या फाटकातच भेटले. "बरं झालं आलात! काय कुत्रं दिलंत हो! काल पहिल्याच रात्री लांडगे आले. एकही मेंढी जाऊ दिली नाही पठ्ठ्यानं!"

"तो कुठं आहे?" एल्वान ओरडली.

दुमान गवताच्या गंजीला टेकून पडला होता. गळ्याभोवती आणि एका पायाला जाड फडकं गुंडाळलं होतं. तिला पाहून त्यानं शेपटी आपटली, तोंड उघडलं. आवाज मात्र आला नाही. नुसती हवा घरघरली.

"जगेल," हिदिर आगा म्हणाले. "गुरांच्या डॉक्टरांनी टाके घातलेत. पण हाळी काही परत यायची नाही म्हणाले."

काका दुमानपुढं गुडघ्यांवर बसले आणि लहान मुलासारखे रडले.

हिदिर आगांनी एका शब्दानंही अडवलं नाही. दुमान घरी आला. आजोबांनी तिघांना समोर उभं केलं. "शाबास! आम्हा म्हाताऱ्यांना सुचलं नाही ते तुम्ही केलंत. एल्वान, पिल्लू तू बरोबर निवडलं होतंस. आजपासून पट्टा तुझ्या हाती."

"आजोबा, काल सेझगीचं ऐकलं असतंत तर?"

आई म्हणाली, "एल्वान!" पण आजोबांनी हात वर केला. "बोलू दे. ती खरं बोलतेय." मग ते सेझगीसमोर बसले आणि म्हणाले, "चुकलं माझं, पोरी."

मिराचलाही नवे नियम मिळाले. दुमानला मिठी नाही. तो जेवताना जवळ जायचं नाही. हात मांडीवर ठेवून बसायचं आणि तो येईपर्यंत थांबायचं. मिराच रोज तसा बसे. दुमान उठे, आणि हातभर लांब जाऊन बसे. मिराचच्या मिठीमागून उगारलेली काठी तो विसरला नव्हता.

सुट्टी संपली. दरवर्षी अंकाराची गाडी निघाली, की दुमान वळणापर्यंत भुंकत मागं धावे. यंदाही तो धावला, जरा लंगडत. एल्वान खुंटीजवळ उभी राहून बघत होती. त्याचा जबडा उघडत होता, मिटत होता.

मागच्या काचेत सेझगीनं सवयीनं कानांत बोटं घातली. मग हळूहळू काढून घेतली.