गाडी जोडी एकतीस

"फाल्गुनी, पोतं हलवू नकोस, मी पडेन," काजल वरून म्हणाली.

मिरचीच्या तीन पोत्यांवर उभी राहून ती भिंतीचे फोटो काढत होती, आणि खाली फाल्गुनी नि भूपेश पोती धरून शिंकत होते. चार वाजता सुकराम रंगारी चुना मारायला येणार होता. एकदा चुना बसला की भिंतीवरचं सगळं गेलं, आणि त्याबरोबर आप्पांचं नावही गेलं.

नंदुरबारहून रनाळ्याला जाताना डाव्या हाताला हे लांबलचक पत्र्याचं शेड लागतं. तीस वर्षांपूर्वी इथं 'सातपुडा मोटर्स' नावाचा कारखाना होता. सुरतेहून रेल्वेनं मोटारीचे भाग यायचे आणि इथं त्यांची मोटार व्हायची. काजल-भूपेशचे आजोबा सुकलालआप्पा तिथं फोरमन होते. पुढं कारखाना बंद पडला. आता फाल्गुनीच्या दादाजींनी, म्हणजे भीकमचंद शेठजींनी, ही जागा मिरचीच्या गोदामासाठी घेतली होती. शेठजी मोठे हौशी. उद्घाटनाला जागेचा इतिहास लावायचा म्हणून त्यांनी इतिहास शिकवणाऱ्या रतिलाल सरांना बोलावलं. सरांचा जन्म सुरतेचा, नोकरी पुण्याची, आणि मुक्काम इथं फक्त दोन दिवसांचा. तेवढ्यात त्यांनी तीस वर्षं उरकली.

फलकावर सरांनी लिहिलं होतं : 'या कारखान्यात एकही मोटार तयार झाली नाही. फोरमन सुकलाल हे बैलगाडी आणि बैलजोडी लावून सुटे भाग बाहेर नेत असत. तशा एकतीस खेपांची नोंद त्यांनी स्वतःच भिंतीवर करून ठेवली आहे.'

चार दिवसांपूर्वी कुणीतरी हे आप्पांना वाचून दाखवलं. तेव्हापासून आप्पा ओट्यावर बसून होते. रागावले नाहीत, रडले नाहीत. "आप्पा, हे खोटं शे ना?" असं भूपेशनं विचारलं, तर त्यांनी नुसतं त्याच्याकडं पाहिलं. काजललाही काहीच वाटेनासं झालं होतं. दिवाळीची सुट्टी, फराळाचे डबे, मैत्रिणींचे फोन, सगळं दुसऱ्या कुणाचं तरी असावं तसं. फाल्गुनी सायकल मारत आली आणि "चल, भिंत बघू" म्हणाली, म्हणून ती निघाली, इतकंच.

"वाच बरं काय लिहिलंय," फाल्गुनी म्हणाली.

काजलनं वाचलं. लाल ऑइलपेंटनं, मोठ्या अक्षरांत एकाखाली एक : गाडी जोडी १. गाडी जोडी २. गाडी जोडी ३. अशा एकतीस ओळी. आणि सगळ्यात खाली, जरा वाकड्या अक्षरात : गाडी मोडी ३१.

"सर बरोबरच आहेत मग," काजल खाली उतरत म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता. "गाडी आणि जोडी. एकतीस वेळा."

"पण चोर कधी ऑइलपेंटनं हिशेब लिहितो का?" फाल्गुनी म्हणाली. "आणि हे शेवटचं मोडी काय?"

"सर म्हणाले, मोडी लिपी. आप्पांना येत असेल."

"आप्पांना? आप्पांना बाळबोध लिहायला दहा मिनिटं लागतात," भूपेश म्हणाला.

तेवढ्यात फाल्गुनीच्या चपलेचा अंगठा निसटला. भूपेश खाली बसला, तारेचा तुकडा शोधला आणि दातांनी वाकवून अंगठा पक्का केला.

"ले, तुन्ही चप्पल जोडी," तो ऐटीत म्हणाला.

"जोडी कुठली? एकच तर तुटली होती," फाल्गुनी म्हणाली. तिच्या घरी मारवाडी, शाळेत मराठी. अहिराणी तिला दुकानापुरती यायची.

"अगं, जोडी म्हणजे जोडली. मी जोडी," भूपेश हसला. "शेठजीनी नात आन् इतलं बी समजत नही?"

काजल हसली नाही. तिनं भिंतीकडं पाहिलं. मग पुन्हा पाहिलं, पण या वेळी घरच्या कानानं.

गाडी जोडी एक. पहिली गाडी जोडली.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. जन्मल्यापासून ती अहिराणी बोलत होती. पण लिहिलेलं दिसलं की ते शाळेच्या भाषेतलंच असणार, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं. अहिराणी कुणी लिहितं का? आप्पांनी लिहिली होती. त्यांना दुसरी येतच नव्हती.

"बैलजोडी नाही," ती हळूच म्हणाली. "एकतीस मोटारी जोडल्या त्यांनी. इथं."

आणि दारात सुकराम बादली घेऊन उभा.

"व्हा बाजूला पोरांनो. शेठजींनी सांगितलंय, संध्याकाळच्या आत भिंत पांढरी पाहिजे."

काजलनं समजावलं, फाल्गुनीनं दादाजींना फोन लावला, पण शेठजी बाजार समितीत, फोन बंद. सुकराम चुना ढवळू लागला. कामाचा माणूस, त्याला इतिहासाशी काय देणंघेणं? मग भूपेशनं डोळा मारला आणि भिंतीलगतचं फुटकं पोतं असं काही ओढलं की सुक्या मिरचीची भुकटी छतापर्यंत उडाली. नंदुरबारची मिरची ती, ओळखपाळख पाहत नाही. सुकरामला ठसका लागला, पोरांना लागला, दारातल्या कुत्र्यालाही लागला.

"उद्या पाहू," असं शिंकांच्या मधून म्हणत सुकराम बादलीसकट पसार झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उद्घाटनाला शेड माणसांनी भरलं. मिरचीचे देठ खुडणाऱ्या बाया एका बाजूला, व्यापारी दुसऱ्या बाजूला. भूपेश आप्पांना हाताला धरून घेऊन आला होता. ते मागं, दाराशी उभे राहिले. शेठजी फलकावरचा पडदा ओढणार, एवढ्यात काजल पुढं झाली. भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. तिचे हात कालच्या मिरचीनं अजून चुरचुरत होते, तेवढं मात्र कळत होतं.

"सर, भिंतीवरची पहिली ओळ वाचता का?"

"गाडी, जोडी, एक," रतिलाल सर म्हणाले. "बैलगाडी आणि बैलजोडी. स्पष्ट आहे."

"मंगलाबाई, तुम्ही वाचा."

देठ खुडणाऱ्या मंगलाबाईंनी डोळे बारीक केले. "गाडी जोडी एक," त्या म्हणाल्या. "पहिली गाडी जोडी त्यास्नी. यामा काय अवघड शे?"

बाया खुसुखुसु हसू लागल्या. व्यापारीही हसले. सरांचा चेहरा उतरला. त्यांनी भिंत वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचली, चष्मा काढला आणि पुसत राहिले.

"चूक माझी," ते शेवटी म्हणाले. "मी कुणाला विचारलंच नाही."

शेठजींनी स्वतःच्या हातानं फलक खाली उतरवला. "सुकराम, या भिंतीला हात लावायचा नाही," त्यांनी बजावलं. मग तिघांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "शाब्बास. आम्ही मोठ्या माणसांनी उचलली जीभ लावली टाळ्याला. पोरांनी लाज राखली." टाळ्या वाजल्या. काजल त्या ऐकत उभी राहिली. आनंद व्हायला हवा, हे तिला ठाऊक होतं.

रतिलाल सर गर्दीतून आप्पांपाशी गेले आणि हात जोडून म्हणाले, "आप्पा, तुम्ही एका शब्दानं सांगितलं असतं तरी..."

आप्पा भिंतीपाशी आले. शेवटच्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं.

"सुरतथून भाग येवाना बंद व्हयनात," ते म्हणाले. "एकतीसावी गाडी तयार उभी व्हती. साहेब म्हने, खोल नि पेटीमा भर. मीच जोडी, मीच मोडी. कारखानाना सगळा पोऱ्या उभा राहीसन देखेत. दुसरा दिनपासून कोनलेच काम नही." ते सरांकडं वळले. "तुम्ही चोर म्हनं, मले राग उना नही. वाटनं, मोडी ना आपन, मंग बरोबरच शे."



"ही ओळ पुसून टाकू का, आप्पा?" शेठजींनी हळू आवाजात विचारलं.

"नका पुसू," आप्पा म्हणाले. "एकतीस जोडी ते बी मीच लिखेल शे."

आणि तेव्हा, पाच दिवसांत पहिल्यांदा, काजलला रडू आलं. तिनं डोळे पुसायला हात वर नेला तसा भूपेशनं तो घाईनं धरला.

"मिरचीना हात शेतस," तो म्हणाला, आणि आपल्या सदऱ्याच्या बाहीनं त्यानं तिचे डोळे पुसले.