लांब कागद

सडक अर्जुनीत महामार्गालगत अल्काचं दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत टेबल, संगणक आणि फॅक्सचा प्रिंटर. अपघात विम्याच्या दाव्यांचे कागद लावून देणं हे तिचं काम. अकरा महिने ईमेलवर भागलं. आता कंपनीला पुन्हा फॅक्स हवे झाले, तर मशीन काही घेईना. दोन रिंगा वाजत, 'येत आहे' असं दिसे, मग सगळं गप्प.

दुपारी गोंदियाहून कैलाश आला. पन्नाशीचा मेकॅनिक, मोजकं बोलणारा. त्यानं तार तपासली, रिंगा मोजल्या, मग मेनूत शिरून थांबला.

"ताई, मेमरीत जुना फॅक्स अडकून राहिला. म्हणून नवा घेत नाही."

"कधीचा?"

"चौदा मार्च. दुपारी दोन चाळीस."

अल्कानं चहाचा कप खाली ठेवला.

त्या दिवशी सकाळी तिचे वडील केवळराम कोहमाऱ्याजवळ ट्रकखाली आले होते. नागपूरच्या दवाखान्याला ऑपरेशनसाठी घरच्यांची सही हवी होती. "फॅक्स करा, लगेच सही करून पाठवते," ती म्हणाली होती. फॅक्स आला नाही. संध्याकाळी ते गेले. नदीकाठी पुरून, माती देऊन परतताना भाऊ रत्नपाल सगळ्यांदेखत बोलला, "तुह्या डब्ब्यानंच बाप मारला." तेव्हापासून तो तिचा उंबरा चढला नव्हता. दवाखान्यानं फॅक्स पाठवलाच नसेल, असं म्हणत शिव्या देऊन तिनं दिवस काढले होते.

"काऊन निघाला नाही मग?" सगळं सांगून तिनं विचारलं.

"फॉर्म लीगल साइजचा. ट्रेमध्ये ए-फोर. मशीन लंबा कागद मागून राहिली होती." कैलाशनं नजर चुकवली. "ओके दाबलं असतं, तरी छोटा करून निघाला असता."

त्या दुपारी पिवळा दिवा लुकलुकत होता. तिला आठवलं. तिनं चिडून मशीनला थापट मारली होती आणि बटणच बंद केलं होतं.

"पण बिजली गेली की मेमरी पुसली जाते," कैलाश स्वतःशीच म्हणाला. "ही कशी राहिली?"

तिनं कपाटातून लांब कागद काढून ट्रेमध्ये घातले.

फॉर्म निघाला. वडिलांचं नाव, खाली सहीची रिकामी जागा. मग दुसरा, तसाच. वेळ दोन पन्नास. तिसरा, तीन दहा. मग तारखा पळू लागल्या. एप्रिल. जुलै. दिवाळीचा दिवस.

कैलाशनं टेलिफोनची तार उपटली.

कागद येतच राहिले.

शेवटच्यावर आजची तारीख होती. कडेला पेनानं घाईत लिहिलं होतं: रुग्ण थांबला आहे.

"सही नका करू, ताई," कैलाश म्हणाला. हत्यारं गोळा न करताच तो बाहेर पडला.

अल्कानं सही केली. नातं: मुलगी. कागद मशीनवर ठेवला, बटण दाबलं. तार फरशीवर पडलेली होती.

'पाठवले.'

तिनं रत्नपालला फोन लावला. त्यानं कापला.

थोड्या वेळानं मशीननं आणखी एक कागद ओढला. त्यावर दोनच ओळी होत्या.

रुग्ण शुद्धीवर आला आहे.

नदीकाठी न्यायला येताना पांघरूण आणावे.