निबियाचे थांबे

माझी बायको निबिया गेल्याचं कळलं त्या दिवशी मी ऑफिसात चाचण्या संपायची वाट बघत बसलो होतो. ती रजा घेऊन ताकुआरेंबोला आईकडे निघाली होती. मी शुक्रवारी मागून जाणार होतो. फोन बस टर्मिनलवरच्या पहारेकऱ्याने केला. बाई रांगेत उभ्या होत्या, म्हणाला, मग खाली बसल्या आणि उठल्याच नाहीत. मी फोन ठेवला तेव्हा समोर स्क्रीनवर तिच्या चाचण्या एकेक पास होऊन हिरव्या होत होत्या.

आमची कंपनी उरुग्वेत, मोंतेविदेओला आहे. लांब पल्ल्याच्या बसची तिकिटं विकणारी वेबसाइट आम्ही चालवतो. साइटमध्ये कुणी बारीकसा बदल केला तरी चाचण्या चालवाव्या लागतात. म्हणजे एक प्रोग्राम आपणहून ब्राउझर उघडतो, प्रवाशासारखा फॉर्म भरतो, सीट निवडतो आणि तिकीट नीट निघतंय का ते तपासतो. अशा शेकडो चाचण्या निबियाने लिहिल्या होत्या. त्या भरवशाच्या होत्या, पण फार हळू. प्रत्येक पायरीनंतर तिने ‘थोडं थांब’ अशी एक ओळ घातलेली असायची.

“तुझ्या चाचण्यांना ताकुआरेंबोच्या बसपेक्षा जास्त थांबे आहेत,” शेजारच्या टेबलावरचा यामांदू तिला चिडवायचा.

“पान उघडायला वेळ लागतो बाबा. तुझ्यासारखी मी न बघता पुढे पळत नाही,” ती म्हणायची.

ऑगस्टमध्ये, आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यात, आमची प्रमुख फाबियाना माझ्याजवळ येऊन बसली.

“पोरं हात बांधून बसतात, विल्मार. बदल पाच मिनिटांचा आणि चाचण्या तासाच्या. महिनाअखेरपर्यंत हे सगळं दहा मिनिटांत संपलं पाहिजे. नाही जमलं तर टाकून देऊ आणि बाहेरून नवीन लिहून घेऊ.”

“टाकून म्हणजे?”

“म्हणजे टाकून. त्या कुणाच्या आहेत ते मला माहीत आहे. म्हणून आधी तुला विचारतेय.”

निबियाचे कपडे तिची बहीण घेऊन गेली होती. चाचण्यांमधल्या खोट्या प्रवाशांना मात्र तिने आपल्या मावश्यांची, शेजारणींची, आमच्या कुत्रीचीसुद्धा नावं दिली होती. त्या टाकल्या की ती सगळीच गेली असती. मी काम घेतलं.

आधी थांबे काढले. ठरावीक वेळ थांबण्याऐवजी पान तयार होताच पुढे जा, असं लिहिलं. सगळ्या चाचण्या तेच दहा-बारा प्रवासी वापरत होत्या, त्यामुळे एकाच वेळी चालवल्या की एकमेकींच्या सीटा पळवायच्या. मी प्रत्येकीला तिचा स्वतःचा प्रवासी दिला, चाचण्या आठ मशीनवर वाटल्या आणि ब्राउझरची खिडकी न दाखवता चालवल्या. वेळ धडाधड उतरत गेला.

एकच अडली. मोंतेविदेओ ते ताकुआरेंबो, एक प्रवासी, एक सीट. ती नापास होत नव्हती. संपतच नव्हती.

“हिच्यात थांबा राहिला असेल कुठेतरी,” यामांदू म्हणाला.

“एकही नाही. तीनदा वाचली.”

“मग मध्येच माते-चहा पीत बसली असेल. खिडकी उघड, बघू तरी.”

दुपारची वेळ होती. बाकीचे जेवायला गेले होते, उन्हाचा पट्टा टेबलावर आला होता. मी खिडकी दाखवायची सोय चालू केली आणि चाचणी सोडली.

प्रोग्राम फॉर्म भरतो तेव्हा अख्खं नाव एकदम उमटतं. इथे अक्षरं एकेक करून येत होती. एक चुकलं. मग सगळं नाव पुसलं गेलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. अकरा वर्षं मी तिला तेच सांगत होतो, एक अक्षर चुकलं तर एकच पूस. तिने कधी ऐकलं नाही.

“तू टाइप करतोयस?” यामांदूने विचारलं.

मी दोन्ही हात वर केले. त्याने वाकून माझा कीबोर्ड काढला, माऊसही काढला.

अक्षरं येत राहिली.

मग सीटांचं पान आलं. कोडमध्ये लिहिलं होतं, पहिली रिकामी सीट घे. आमच्या साइटवर सीटवर माऊस नेला की ती पिवळी होते. पहिली सीट पिवळी झाली आणि विझली. दुसरीही. पिवळा ठिपका सावकाश मागे मागे गेला, डाव्या बाजूच्या एका जोडीपाशी थांबला. खिडकीकडची निवडली गेली. मग तिच्या शेजारची.

“दोन?” यामांदू म्हणाला. त्याने माते-चहाचा पेला टेबलावर ठेवला. तो पेला मी कधी त्याच्या हाताबाहेर पाहिला नव्हता. “कोडमध्ये तर एकच आहे ना?”

“एकच.”

निबियाच्या नावाखाली दुसऱ्या प्रवाशाचा रकाना उघडला. विल्मार ओलिवेरा. एकदाही न चुकता.

खाली ओळखपत्राचा नंबर आला. माझाच. तो कोडमध्ये नाही, चाचण्यांच्या कुठल्याही मशीनवर नाही. घरातले सगळे फॉर्म निबिया भरायची, तिला तो पाठ होता.

मला भीती वाटली नाही. आमच्या समुद्राएवढ्या नदीच्या काठी, रस्त्यावर मोठी लाट अंगावर येताना माणूस हलत नाही, नुसता बघतो, तसे आम्ही दोघं उभे होतो. यामांदूच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि त्याचं तिच्याशी कधी धड पटलं नव्हतं.

मग हालचाल थांबली. तारखेच्या रकान्यात रेघ लुकलुकत राहिली. तिथे उद्याची तारीख टाक, असं कोडमध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे.

फाबियाना जेवून आली. तिने आकडे पाहिले. “बाकीच्या नऊ मिनिटांत. छान. त्या राहतील. ही एक काढून टाक.”

“राहू दे, फाबियाना,” यामांदू म्हणाला. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि का म्हणून विचारलं नाही.

मी ती चाचणी वेगळ्या मशीनवर ठेवली आहे. मशीन माझ्या टेबलाखाली असतं. तिच्यासाठी आता कुणाला थांबावं लागत नाही. नावं भरलेली आहेत, सीटा धरलेल्या आहेत.

माझा कीबोर्ड मी परत जोडला आहे. तारीख तेवढी मी भरायची राहिली आहे.