टॅबमधला ओढा

"परत पाड बरं पाऊस," सम्राट म्हणाला.

प्रज्ञानं टॅबवर बोट दाबलं. खेळातल्या डोंगरावर पाऊस कोसळला, निळी धार खाली उतरली आणि पुन्हा आक्काबाईच्याच घरात शिरली.

राजूरजवळच्या त्यांच्या शाळेत दीपामॅडम भूगोल असाच शिकवायच्या. आपलाच डोंगर, आपलाच ओढा टॅबवर उभा करायचा, पाऊस पाडायचा आणि पाणी कुठं जातं ते बघायचं. मे महिन्याच्या सुट्टीत त्यांनी टॅब प्रज्ञाकडे सोपवला होता. आधी खेळातलं पाणी गुमान ओढ्यानं जायचं. मग भंडारदऱ्याला येणाऱ्या पर्यटकांसाठी कंत्राटदार श्रीमंतशेठनं वर रस्ता कापला आणि निघालेला मुरूम ओढ्यात लोटला. प्रज्ञानं तो ढीग खेळातही टाकला, आणि पाण्यानं वाट बदलली.

म्हातारी आक्काबाई ओढ्याच्या खालच्या अंगाला एकटी राहायची. तिच्या कुडाच्या भिंती लोंढ्यापुढं टिकणार होत्या थोड्याच!

प्रज्ञा, तिचा भाऊ सम्राट आणि मैत्रीण राजनंदिनी टॅब घेऊन रस्त्याच्या कामावर धडकले आणि पाणी कुठं शिरतं ते त्यांनी दाखवलं. राजनंदिनीचे आजोबा, सरपंच हनुमंततात्या, तिथंच होते. गेम खेळून डोळे जातील, असं त्यांनी बजावलं. शेठ म्हणाला, ढीग पावसात आपोआप वाहून जाईल. मोठ्यांचं हे बरं असतं. घाण आपण करायची आणि निस्तरायला पावसाला सांगायचं!

प्रज्ञाचं डोकं सणकलं. रोलरसाठी आणलेला पाण्याचा टँकर तिला दिसला.

"शेठ, खेळ खोटा हाय ना? मग ह्यो टँकर ढिगाच्या वरनं ओढ्यात सोडा, आन तुमी आक्काच्या अंगणात खुर्ची टाकून बसा. पाणी न्हाई आलं तर आमी पुन्हा टॅबला हात लावनार न्हाई."

"आन आलं तर?"

"ढीग तुमी काढायचा. आजच."

"भ्या वाटत असंल तर राहू द्या," राजनंदिनी साळसूदपणे म्हणाली. "आमचे तात्या बसतील."

मजूर फिदीफिदी हसले. आता शेठला बसणं भाग होतं.

आक्काच्या भिंतीला पोरांनी आधी मातीचा बांध घातला. सम्राटनं वर इशारा केला, टँकर सुटला. खाली काहीच आलं नाही. शेठनं चहा मागितला. प्रज्ञानं टॅबकडे पाहिलं. खेळातली जमीन भिजलेली होती, ही तर तहानलेली! हिनं सगळं पाणी पिऊन टाकलं तर?

तेवढ्यात कातळावरून गढूळ जीभ सरपटत आली. मुरूम घेऊन ती थेट खुर्चीखाली घुसली. खुर्चीचे पाय रुतले आणि शेठ पांढऱ्या कपड्यांसकट चिखलात बसला.

सगळे हसले, तात्या सोडून. ते बांधाला धडकलेल्या पाण्याकडे आणि आक्काच्या उंबऱ्याकडे बघत होते.

"एका टँकरनं ही गत," ते हळू म्हणाले. "आखाडात म्हातारी वाहून गेली असती. शेठ, जेसीबी बोलवा."

सांजेला ओढा मोकळा झाला. दुसरा टँकर सोडला, तेव्हा पाणी निमूट ओढ्यातून गेलं. आक्काबाईनं तिघांच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

तात्या प्रज्ञाशेजारी टेकले.

"पोरी, तुझं ऐकलं न्हाई, चुकलं माझं. आता वरच्या वाडीवर पाऊस पाड बरं. तिथल्या नाल्यात काय काय लोटलंय, ते मलाच ठावं हाय."